खाकी पाकीट

डॉक्टर सयाजी इंगवल्यांच्या लॅबमधून कॅन्सरची बातमी दोन पाकिटांतून बाहेर पडायची. एक पांढरं, एक खाकी. पांढरं पेशंटच्या हातात. साधी गाठ आहे, जुनी सूज आहे, काळजीचं कारण नाही, असं काहीतरी त्यात लिहिलेलं असायचं. खाकी नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या हातात, तेही पेशंटला टांग्यात बसवून झाल्यावर. खरं काय ते त्यात. लक्ष्मीपुरीतल्या त्या दोन खोल्यांत ही पद्धत कुणी काढली ते कुणालाच आठवत नव्हतं. पण चालवली कुणी म्हणाल, तर शमशाद मणेरनं. बारा वर्षं. आणि वर त्याचा तिला अभिमान होता, बघा!

शमशाद मिरजेत शिकून आलेली. बायामाणसं अजून दवाखान्याची पायरी चढायला लाजत होती, तेव्हापासून ही लॅबमध्ये पांढरा कोट घालून उभी. सर्जननं काढलेला तुकडा बाटलीतून आला, की तो मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, काचेवर उचलायचा, जांभळा-गुलाबी रंगवायचा, आणि मग डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा. डॉक्टर बघणार आणि सांगणार. मान त्यांचा, मेहनत हिची. पण तिची कधी कुरकुर नव्हती. मेणाची वडी तिनं ओतलेली असली की आरशासारखी गुळगुळीत. दुसऱ्या कुणाच्या हातची हजारांत ओळखू यायची.

कळंब्याच्या शालूबाईची गोष्ट ती बनाबाईला, म्हणजे लॅबमध्ये काचा धुणाऱ्या बाईला, कितीदा तरी सांगायची. सत्तरीची म्हातारी, पोटात वाईट गाठ, शरीरभर पसरलेली. शमशादनं तिच्या हातात पांढरं पाकीट दिलं आणि म्हणाली, "काय न्हाय मावशी, फोड हाय पोटात. मऊ भात खावा." म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला. "तू सांगतीस म्हंजे खरंच असणार की गं बाई." चार महिने सुखानं भात खाऊन गेली. "आता सांग बनाबाई," शमशाद म्हणायची, "खरं सांगून काय तिला चार वर्सं जास्त मिळणार व्हती?" बनाबाई मान डोलवायची. ती कशालाही मान डोलवायची म्हणा.

घोटाळा एकदाच झाला. गडमुडशिंगीच्या केरबाच्या हातात चुकून खाकी पाकीट पडलं. त्यानं ते शेजारच्या कंपाउंडरकडनं वाचून घेतलं आणि लॅबच्या पायरीवर बसला तो बसलाच. दोन तास कुणाला उठेना. त्या दिवशी शमशाद घरी जाऊन जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नवं रजिस्टर घातलं: खाकी पाकीट घेणाऱ्यानं सही करायची, सहीशिवाय पाकीट हलणार नाही. डॉक्टरसुद्धा त्या रजिस्टरला वचकून असायचे.

आता तिचं स्वतःचं ऐका.

शमशादची आई छातीच्या गाठीनं गेली. थोरली बहीण नजीरा, तीही त्यानंच गेली, छत्तिसाव्या वर्षी. एकदा दुपारच्या चहाला डॉक्टर तिला सांगत होते, की पेशीच्या पोटात बारीक धागे असतात, आईबापाकडून लेकरात येतात, आणि परदेशातल्या काही लोकांना शंका आहे की हा आजार काही घरांत त्या धाग्यांतूनच उतरतो. "नेमकं कुठं बिघडतं ते अजून कुणाला सापडलेलं नाही, शमशादबाई. सापडेल एक दिवस. रक्ताच्या थेंबात कळेल." शमशादच्या हातातला कप तसाच राहिला. "म्हंजे माज्या लेकीत, सलिमात बी?" डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. सांगता येत नाही, म्हणाले.

त्या दिवसापासून अंघोळीला बसली की ती स्वतःची छाती बोटांनी चाचपायची. रोज. आणि चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत एका सकाळी डाव्या बाजूला लागली की गाठ! वाटाण्याएवढी. दुसरी बाई असती तर लाजून वर्षभर लपवली असती. ही त्याच दिवशी डॉक्टरांपुढं उभी. चौथ्या दिवशी सर्जननं गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, "आपल्या माणसाचा तुकडा आपण बघू नये, हात कापतो. मी पुण्याला पाठवतो." तिला आठ दिवसांची रजा दिली, आणि ती कामावर आली तेव्हा हातात पाकीट ठेवलं.

पांढरं.

साधी गाठ आहे, काळजीचं कारण नाही. स्वच्छ टाईप केलेलं, खाली डॉक्टरांची सही. अहो, जिनं शेकडो पांढरी पाकिटं स्वतःच्या हातानं चिकटवली, तिला संशय यायला नको? नाही आला. माणूस दुसऱ्याच्या बाबतीत शहाणा असतो, स्वतःच्या बाबतीत बावळट. ती तिथंच खुर्चीत बसून ढसाढसा रडली, आनंदानं. त्याच गुरुवारी बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या नवऱ्याला, दस्तगीरला, घेऊन बाबूजमाल दर्ग्यात गेली, मजारीवर गलेफाची चादर चढवली, पेढे वाटले. दस्तगीर तिच्या शेजारी हात पसरून दुवा मागत होता. त्याचेही डोळे भरून आले होते. तिला वाटलं, किती जीव आहे ह्या माणसाचा आपल्यावर.

सलिमाची सोयरीक त्याच महिन्यात कबनूरला जमली. सलिमा त्यांची एकुलती एक, एकोणीस वर्षांची. मुलाचा बाप गौसभाई, आठ यंत्रमागांचा मालक, माणूस भला पण चौकस. सुपारी फोडायच्या आधी त्यानं दस्तगीरला बाजूला घेऊन विचारलेलं, "पावणं, तुमच्यात ती छातीची बिमारी चालत येती म्हणं?" दस्तगीर म्हणाला, "छ्या! लोकांचं काय ऐकतासा." निकाह मेमध्ये ठरला. मेमध्ये गौसभाईची आई वारली, मग पाऊस, मग रमजान, असं करत डिसेंबरचा शेवटचा रविवार धरला.

नोव्हेंबरात शमशादला काखेत काहीतरी लागायला लागलं. टणक, सुपारीएवढं. तिनं डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी हात लावला न लावला. "लग्नाची दगदग आहे. होऊ दे लग्न, मग निवांत बघू." ती बरं म्हणाली आणि चुड्याच्या, कपड्यांच्या तयारीला लागली.

लग्नाला सहा दिवस राहिले तेव्हा, सोमवारी, रजेवर जायच्या आधी तिनं वर्षभराच्या मेणाच्या वड्या कपाटात लावायला काढल्या. डॉक्टर सांगलीला गेलेले, दुपारी येणार होते. वड्या नंबराप्रमाणं लावता लावता तेवीस नंबर हातात आला आणि ती थबकली. मेण फुगलेलं, एका बाजूला वाकडं, मध्ये बुडबुडे.

"बनाबाई, ही कुणाच्या हातची गं? माझी न्हवं."

बनाबाई म्हणाली, तुमच्याशिवाय हितं कोण करतंय. खरंच होतं ते. शमशादनं नोंदीचं रजिस्टर उघडलं. तेवीस नंबर जानेवारीचा, तिच्या रजेतला. त्या आठ दिवसांत एकही तुकडा केला नाही, सगळे तुमच्यासाठी ठेवले, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि बाकीच्या बाटल्या तिनं येऊन स्वतः केल्या होत्या. मग हा एकच कुठला? पुढं डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं: चिमणाबाई, गडमुडशिंगी, वय बेचाळीस, डावी छाती.

बेचाळीस, तिचंच वय. डावी. तारीख तिच्या ऑपरेशनची. तरी ती मनाला समजावत होती, असेल की गं कुणीतरी चिमणाबाई, गडमुडशिंगी केवढं गाव, सगळ्या जगाच्या गाठी काय तुझ्याच आहेत का?

मग तिनं खाकी पाकिटांचं रजिस्टर काढलं. स्वतः घातलेलं. रजेवरून आल्यावर तिनं नव्या पानापासून सह्या घेतल्या होत्या; मागचं पान आज पहिल्यांदा उलटलं. तेवीस नंबर, पेशंट चिमणाबाई, पाकीट घेणाऱ्याची सही.

सही होती, दस्तगीर बाबालाल मणेर.

अगदी पूर्ण, वळणदार, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून, तो बांगड्यांच्या व्यापाऱ्याच्या पावतीवर करायचा तशी. अरे देवा, काय म्हणावं ह्या माणसाला! खोट्या नावाचं पाकीट घ्यायला गेला आणि सही मागितली म्हणून खरं नाव लिहून आला. सही म्हटली की नाव आपलंच लिहायचं, एवढं एकच बापानं शिकवलेलं त्याला.

तिनं तेवीस नंबरची काच शोधून काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काप जाड होता, रंग गचाळ, पण बघायचं ते दिसत होतं. चांगल्या पेशी कशा असतात ते ती घरच्या दुकानाकडं बघून लक्षात ठेवायची: दांड्यावर ओळीनं ओवलेल्या बांगड्या. इथं कुणीतरी सगळी टोपली जमिनीवर आपटलेली होती. बारा वर्षांत असल्या काचा तिनं शेकड्यानं रंगवल्या होत्या. ही तिची स्वतःची होती, पुण्याला कधी गेलीच नव्हती, आणि अकरा महिने तिच्या पाठीमागच्या कपाटात पडून होती.

डॉक्टर आले तेव्हा ती त्यांच्या खुर्चीत बसलेली होती. समोर दोन्ही रजिस्टरं उघडी. डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि टोपी काढून हातात धरली.

"शमशादबाई, तुमच्या यजमानांनी माझे पाय धरले हो. मोठं ऑपरेशन, पुढं किरणांचा शेक, गावभर बोभाटा होणार. पोरीचं लग्न मोडलं असतं. चार महिन्यांचा प्रश्न होता. मग ते लांबत गेलं, आणि दर महिन्याला सांगणं जास्तच अवघड होत गेलं."

"तुमी रोज माज्या हातचा चा प्यालासा, साहेब."

"मी काय वेगळं केलं?" डॉक्टरांचा आवाज चढला, चोराचा चढतो तसा. "बारा वर्षं ही पाकिटं कोण भरत होतं? तुम्हीच ना? शालूबाईला फोड आहे म्हणून कुणी सांगितलं? नातेवाईक म्हणतील तसं करायचं, हीच आपली रीत. तेव्हा बरं चाललं तुम्हाला!"

हे मात्र तिच्या वर्मी बसलं. खोटं नव्हतं ना ते! शालूबाईचा खरबरीत हात तिला गालावर जाणवला, आणि तिच्यामागं कितीतरी तोंडं, सगळी तिच्यावर विश्वास ठेवून हसणारी. त्यातली किती जणं वाचली असती? आता कुणाला विचारायचं?  मग ती उठली.

"म्हातारी वाचनार नव्हतीच, साहेब. बाकीच्यांचा झाडा मला अल्लापुढं द्यायचाच हाय, त्यो मी दीईन. पर माझी वाटान्याएवढी व्हती." तिनं ती काच डॉक्टरांपुढं धरली. "वाटान्याएवढी! मी स्वतः हुडकून तुमच्या हातात आणून दिलती. माझी आई अशी गेली, भन अशी गेली, म्हनून रोज हुडकत व्हतो मी. आन तुमी ती माज्याच पाठीमागच्या कपाटात ठिवलीसा?"

डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, आता वेळ घालवू नका, मिरजेला जा, मी चिठ्ठी देतो. तिनं चिठ्ठी घेतली. काच घेतली. खाकी पाकिटातल्या कागदाची कार्बन कॉपी फायलीतून काढून घेतली. आणि आपलं ते सह्यांचं रजिस्टर काखेत मारलं. काखेतलं दुखलं, तशी तिनं ते दुसऱ्या काखेत घेतलं.

बागवान गल्लीतल्या घराच्या पुढच्या खोलीतच दस्तगीरचं बांगड्यांचं दुकान. तो सलिमाचा चुडा लावत बसला होता, एकेक बांगडी उजेडात धरून चीर बघत. घरातली बोली दखनी, पण भांडायची वेळ आली की शमशादला कोल्हापुरीच सुचायची.

तिनं त्याच्यापुढं रजिस्टर टाकलं. "ह्यी सही कुनाची?"

दस्तगीरनं सही बघितली. मग हातातली बांगडी पुन्हा उजेडात धरली.

"अवो, विचारतोय मी! चिमणाबाई तुमची कोण लागती?"

"शमशाद, पोरीसाठी गं." त्यानं बांगडी खाली ठेवली. "गौसभाईनं तोंडावर इचारलं मला. काय सांगनार व्हतो? हिच्या नानीला, खालाला, आन आता आईला बी? कोण करनार पोरीला?"

"आन मी? माजं काय?"

"तू चांगली दिसत व्हतीस की! कामाला जातीस, खातीस, पितीस. मला वाटलं, कागदात काय बी लिवत्यात. गाठ तर काढलीया. एवढं लगीन झालं, की पाय धरून सांगनार व्हतो तुला. खुदाची कसम."

"दर्ग्यात दुवा मागताना खिशात व्हतं काय ते पाकीट?"

दस्तगीर रडायला लागला. म्हणजे होतं! तिला आठवला तो गुरुवार, तो गलेफ, ते पेढे, आणि ह्याचे भरून आलेले डोळे. त्या डोळ्यांचा तिला आता इतका राग आला की हाताशी असलेली बांगड्यांची रास भिंतीवर फेकावीशी वाटली.

"रडू नगासा," ती म्हणाली. "बांगड्या भिजतील."

ती आतल्या खोलीत गेली. एकच गोष्ट आता तिच्या मनात होती. डॉक्टर गेला, नवरा गेला, पण पोरगी आपली आहे. पोरीला ह्यातलं काही माहीत नाही, आणि पोरीला हे माहीत असायलाच हवं. धागे तिच्याही पोटात आहेत. तिलाही रोज अंघोळीला बसून बोटं फिरवायला शिकवायचं आहे, लग्न राहो नाहीतर मोडो.

सलिमा पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. हातावर मेंदी अजून लागायची होती. शमशाद तिच्याजवळ बसली, तिचा हात हातात घेतला. बोटं बघा, मऊ, लांब. गेल्या वर्षी टाईपिंगचा क्लास केला तेव्हापासून ती दर रविवारी लॅबमध्ये जाऊन डॉक्टरांचे रिपोर्ट टाईप करून द्यायची. शमशादनंच लावलं होतं तिला ते काम. पोरीला हुन्नर असावा म्हणून.

"सलिमा, ऐक. घाबरू नगंस. तुज्या नानीला जे झालतं, नजीराखालाला जे झालतं, ते मला बी..."

सलिमानं हात काढून घेतला.

एखादी गोष्ट अंगाला आधी कळते आणि डोक्यात मागनं येते, तसं झालं शमशादचं. तिनं पोरीच्या बोटांकडं बघितलं. मग पोरीच्या तोंडाकडं.

"तू टाईप केलतंस," ती म्हणाली.

"अम्मी..."

"कुठला कागद? पांढऱ्यातला?"

"दोनी बी." सलिमा खाली बघून बोलत होती. "अब्बा म्हनलं, कुनाला कळलं तर कबनूरचं मोडंल. डॉक्टर म्हनलं, चार म्हैन्यानं काय फरक पडत न्हाय. मला भ्या वाटलं, अम्मी. मला त्यो मुलगा आवडला व्हता."

बाहेरच्या खोलीत दस्तगीर नाक शिंकरत होता.  पोरीला मारावं असं नाही वाटलं शमशादला, ओरडावंसंही नाही. हिच्यासाठीच तर ती रोज हुडकत होती. हिला आई राहावी म्हणून. आणि हिनंच, ह्या बोटांनी, साधी गाठ आहे म्हणून लिहिलं, ओळींत नीट अंतर सोडून, एक चूक न करता. केवढं कौतुक वाटलं होतं त्या स्वच्छ टाईपचं!

ती उठली. ट्रंकेतून दोन लुगडी काढून पिशवीत घातली.

"उद्या सकाळच्या गाडीनं मी मिरजेला चाललोय. रविवारी मांडवात आई का न्हाय म्हनून लोक इचारतील. काय सांगायचं ते तुमी बापलेक ठरवा. खोटं लिवायचा हात बसलाय तुमचा."

मग तिनं खाकी पाकिटातला कागद सलिमाच्या मांडीवर ठेवला आणि रजिस्टर तिच्यापुढं उघडलं.

"ह्यो तुझा बी हाय. माज्याकडनं तुला दागिना काय जाईल ते जाईल, पर हे बी कदाचित जाईल. रोज अंघोळीला बघायचं. कायबी लागलं तर कुनाला न इचारता दवाखाना गाठायचा, नवऱ्याला न्हाय, सासऱ्याला न्हाय. पाकीट मिळालं म्हनून सही कर."

सलिमानं सही केली. नावाची अक्षरं एकमेकांवर चढली. शमशादनं पेन परत घेतलं, टोपण लावलं.

"अम्मी," सलिमा तिच्या पदराला धरून म्हणाली, लहान असताना धरायची तशी. "तू बरी हुशील न्हवं?"

काय न्हाय, साधं हाय. मऊ भात खाल्ला की बरं वाटंल. बारा वर्षं घोटलेली वाक्यं शमशादच्या जिभेवर तयार होती. पोरगी तिच्या तोंडाकडं बघत होती, अगदी शालूबाई बघायची तशी.

शमशादनं पदर सोडवून घेतला.

"म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "अकरा म्हैनं गेलं, सलिमा. म्हाईत न्हाय."